बडोद्यातील रस्त्यांवर सामायिक सायकल-खुणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंद्र सरकारच्या गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने २०२० मध्ये ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ हा उपक्रम सुरू केला. पुढच्या वर्षी त्यात निवडल्या गेलेल्या अकरा शहरांमध्ये बडोद्याचे नाव होते. तेव्हापासून सायकलसाठी शहरात काय करता येईल, हा विषय दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या जुन्या मराठी वस्तीच्या भागांतही निघत असतो, आणि बोलणे बहुधा एकाच सूचनेपाशी येऊन थांबते : रस्त्यावर सायकलचे चित्र काढा. ही सूचना सर्वांत स्वस्त आहे आणि तिच्याविषयी गैरसमजही सर्वांत जास्त आहेत, म्हणून पुढील प्रश्नोत्तरांत तिच्यावर अधिक भर दिला आहे.

सामायिक सायकल-खूण म्हणजे नेमके काय?

ज्या मार्गिकेतून मोटारी, रिक्षा, स्कूटर आणि सायकली एकत्रच जाणार आहेत, अशा मार्गिकेच्या पृष्ठभागावर पांढऱ्या रंगात काढलेले सायकलचे चित्र आणि त्याच्या पुढे जाण्याच्या दिशेने टोक असलेले दोन कोनाकृती पट्टे, म्हणजे ही खूण. तिची मूळ कल्पना १९९३ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरात पुढे आली. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २००४ साली तिच्या सध्याच्या रूपाची चाचणी झाली आणि २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक-चिन्ह नियमावलीत तिला जागा मिळाली. तेथील मापाप्रमाणे एक खूण सुमारे २.८ मीटर लांब आणि एक मीटर रुंद असते, म्हणजे मोटारीच्या आसनावरूनही ती सहज दिसते. जपानमध्ये वाहने आपल्याप्रमाणेच डावीकडून चालतात. तेथे रस्त्याच्या डाव्या कडेला निळे बाण आणि सायकलचे चित्र काढण्याची पद्धत आहे.

मग हा सायकल ट्रॅकच झाला ना?

नाही. सायकल ट्रॅक ही कठड्याने, उंचवट्याने किंवा दुभाजकाने वेगळी केलेली जागा असते. सामायिक खुणेने सायकलस्वाराला एक इंचही स्वतंत्र जागा मिळत नाही. ‘येथे सायकली येणार आहेत आणि त्या साधारण या रेषेवरून चालणार आहेत’ एवढेच ती सांगते. एखाद्या रस्त्यावर अशी चित्रे काढून ‘इतके किलोमीटर सायकल मार्ग तयार झाला’ असे जाहीर केले जात असेल, तर ते मोजमाप स्वीकारू नये.

खूण रस्त्याच्या कडेला न काढता मार्गिकेच्या आत का काढतात? सायकलने तर डाव्या कडेनेच चालावे.

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि खुणेचा सगळा उपयोग याच्या उत्तरात आहे. कडेला उभ्या असलेल्या मोटारीचे दार अचानक उघडले, तर ते सुमारे एक मीटर बाहेर येते. त्या पट्ट्यातून जाणारा सायकलस्वार दारावर आदळतो, किंवा दार चुकवण्यासाठी झटक्यात उजवीकडे वळून मागून येणाऱ्या वाहनापुढे पडतो. म्हणूनच २००९ च्या अमेरिकी नियमावलीत कडेला समांतर पार्किंग असेल तेथे खुणेचा मध्य फुटपाथच्या कडेपासून किमान ११ फूट, म्हणजे सुमारे ३.३५ मीटर आत असावा, आणि पार्किंग नसेल तेथे किमान ४ फूट, म्हणजे सुमारे १.२ मीटर आत असावा, असे सांगितले होते. खूण चौक ओलांडल्याबरोबर असावी आणि दोन खुणांमधले अंतर २५० फुटांपेक्षा, म्हणजे सुमारे ७६ मीटरपेक्षा, जास्त नसावे, असेही त्यात म्हटले होते.

आपल्याकडे हे आकडे जसेच्या तसे लागू करणे मात्र शहाणपणाचे होणार नाही. रावपुऱ्यात किंवा मांडवीच्या आसपास कडेला मोटारींपेक्षा दुचाकीच अधिक उभ्या असतात, त्याही तिरप्या किंवा आडव्या, आणि मागचे चाक रस्त्याकडे करून. तेथे दार उघडण्याचा धोका कमी असतो, परंतु मागे न पाहता पायाने ढकलत रस्त्यात आणलेल्या स्कूटरचा धोका जास्त असतो. त्यापुढे भाजीची किंवा फळांची लारी (हातगाडी) आणि लारीपुढे उभे असलेले गिऱ्हाईक. म्हणून खुणेची जागा नकाशावर ठरवू नये; सायंकाळी सहा-सातच्या सुमारास कडेची गर्दी प्रत्यक्षात कोठपर्यंत येते ते पाहावे आणि तिच्या बाहेर किमान एक मीटर सोडून ती आखावी.

सायकल मध्ये आली की मागची वाहने अडकणार. त्यामुळे वाहतूक तुंबणार नाही का?

येथे थोडा हिशेब करावा लागतो. कडेपासून सायकलस्वाराच्या मध्यापर्यंत पाऊण मीटर, हँडलचा उजवा अर्धा भाग सुमारे ३० सेंटिमीटर, ओलांडताना सोडायचे अंतर दीड मीटर आणि मोटारीची रुंदी सुमारे १.८ मीटर धरली, तर बेरीज ४.३५ मीटर होते. दीड मीटर हे अंतर मनाने घेतलेले नाही. जर्मनीत २०२० पासून शहरी हद्दीत सायकलला ओलांडताना किमान तेवढे अंतर सोडणे कायद्याने बंधनकारक आहे. याचा अर्थ असा की तीन मीटरच्या मार्गिकेत सायकल कितीही कडेला दाबली तरी मोटारीला ती मार्गिकेत राहून सुरक्षितपणे ओलांडता येत नाही. फरक इतकाच की सायकल मध्ये असेल तर चालकाला हे दुरूनच कळते आणि तो शेजारची मार्गिका मोकळी होईपर्यंत थांबतो, तर सायकल कडेला असेल तर ‘जाईल बहुतेक’ असे समजून तो गाडी घालतो. सर्वांत वाईट असतात त्या साडेतीन ते चार मीटरच्या मधल्या रुंदीच्या मार्गिका : ओलांडण्याचा मोह व्हावा इतक्या रुंद आणि ओलांडता येऊ नये इतक्या अरुंद. असे रस्ते नव्याने आखताना त्यांची रुंदी एक तर कमी करावी किंवा वाढवावी.

वाहतूक तुंबण्याविषयी एवढेच सांगता येईल की दांडिया बाजारातून रावपुऱ्याकडे जाणारी मोटार गर्दीच्या वेळी सायकलपेक्षा फारशी जलद जातच नाही. तिला अडवणाऱ्या गोष्टींच्या यादीत सायकल फार खाली येते.

या खुणांमुळे अपघात खरोखर कमी होतात का?

प्रामाणिक उत्तर असे की नुसत्या खुणांमुळे अपघात कमी होतात, असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या २००४ च्या चाचणीत काही चांगले परिणाम दिसले : सायकलस्वार उभ्या मोटारींपासून सरासरी आठ इंच अधिक दूर चालू लागले, त्यांना ओलांडणारी वाहने आधीपेक्षा दोन फुटांहून अधिक दूर राहू लागली आणि उलट दिशेने सायकल चालवण्याचे प्रमाण घटले. हे वागणुकीतले बदल झाले. जखमी होण्याचे प्रमाण ही निराळी गोष्ट. डेन्व्हर येथील कोलोरॅडो विद्यापीठाचे निकोलस फेरेनचॅक आणि वेस्ली मार्शल यांनी शिकागो शहराच्या वेगवेगळ्या भागांची तुलना केली आणि २०१६ साली निष्कर्ष मांडले. सायकलने कामावर जाणाऱ्यांच्या प्रमाणात मोजलेल्या दुखापती जेथे सायकल मार्गिका झाल्या तेथे सुमारे ४२ टक्क्यांनी घटल्या, जेथे काहीच केले नाही तेथे सुमारे ३७ टक्क्यांनी आणि जेथे केवळ सामायिक खुणा काढल्या तेथे सुमारे २० टक्क्यांनी. म्हणजे खुणा असलेल्या भागांची प्रगती काहीही न केलेल्या भागांपेक्षाही कमी होती. एका शहराच्या आकडेवारीवरून सर्वत्र लागू होईल असा नियम काढता येत नाही हे खरे, परंतु ‘काहीच नसण्यापेक्षा खूण तरी बरी’ हे वाक्य यापुढे सहज उच्चारू नये इतके वजन त्या निष्कर्षांना नक्कीच आहे.

खुणेचा दोष हा की ती वेग कमी करत नाही. ज्या रस्त्यावर वेग आधीच कमी आहे, तेथे ती सायकलस्वाराला योग्य जागा दाखवते. ज्या रस्त्यावर वाहने भरधाव जातात, तेथे ती सायकलस्वाराला सुरक्षिततेचा भास देऊन नको त्या जागी नेऊन उभे करते.

तर मग आधी वेग कमी करायचा. किती?

ताशी ३० किलोमीटर. चालकाला धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार एकूण सुमारे १३ मीटरांत थांबते, आणि ताशी ५० किलोमीटर वेगाच्या मोटारीला सुमारे २८ मीटर लागतात. म्हणजे पहिली मोटार जेथे पूर्ण थांबलेली असते, तेथे दुसरीच्या चालकाचा एक सेकंद नुकताच संपत असतो आणि तिचा वेग तसूभरही कमी झालेला नसतो. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे धक्काही सुमारे पावणेतीन पट असतो. रस्ता-सुरक्षेविषयीच्या २०२० च्या फेब्रुवारीतील स्टॉकहोम जाहीरनाम्याने पादचारी आणि सायकलस्वार जेथे वाहनांमध्ये मिसळतात तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी असे म्हटले. ऑस्ट्रियातील ग्राझ शहराने मुख्य मार्ग वगळता सर्व रस्त्यांवर ती १९९२ सालीच आणली होती, आणि स्पेनने २०२१ च्या मे महिन्यात प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेल्या शहरी रस्त्यांना ती देशभर लागू केली.

आपल्याकडे २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने महापालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी ताशी ७० आणि दुचाकींसाठी ताशी ६० किलोमीटर इतकी कमाल मर्यादा ठेवली आहे. मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ नुसार राज्य सरकार, किंवा त्याने अधिकार दिलेले प्राधिकरण, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर यापेक्षा कमी मर्यादा ठरवू शकते. म्हणजे वाट बंद नाही. मागणी कोणाकडे न्यायची हे मात्र माहीत असावे लागते.

आमच्या रस्त्यावरचा वेग आम्ही कसा मोजावा?

फुटपाथच्या कडेला टेपने ५० मीटर मोजून दोन्ही टोकांना खडूची रेघ मारावी आणि मोबाईलमधील स्टॉपवॉचने वाहनाला लागणारा वेळ नोंदवावा. ते ५० मीटर सहा सेकंदांत पार करणारे वाहन बरोबर ताशी ३० किलोमीटरने जात असते. त्याहून कमी वेळ लागला तर वेग जास्त. दुपारी आणि रात्री नऊनंतरही मोजावे, कारण गर्दीच्या वेळचा आकडा नेहमीच समाधानकारक येतो.

बडोद्यात या खुणा कोठे शोभतील आणि कोठे नाही?

लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांच्या आतले जुने शहर हे सामायिक खुणांसाठी सर्वांत योग्य ठिकाण आहे असे मला वाटते. मांडवीपाशी एकत्र येणाऱ्या या रस्त्यांवर वेगळा सायकल ट्रॅक करायला जागाच नाही, जागा काढायची म्हटले तर दुकाने पाडावी लागतील आणि तसे कोणी सुचवूही नये. दरवाजांच्या कमानी आणि गर्दी यांमुळे दिवसा वेग आपोआप कमी राहतो. तेथे खूण असली तर सायकलस्वार दुचाकींच्या रांगेला घासून न जाता जरा आतून जाईल. पोळींची, म्हणजे जुन्या वस्तीतील गल्ल्यांची, तोंडे जेथे रस्त्यावर उघडतात, तेथेही खूण असावी, म्हणजे पोळीतून बाहेर येणाऱ्या स्कूटरवाल्याला सायकल कोठून येऊ शकते हे कळेल.

रेल्वे स्टेशन, सयाजीगंज, काळा घोडा, विश्वामित्रीवरचा पूल, कोठी, रावपुरा, लहेरीपुरा हा मार्ग थोडा वेगळा आहे. विद्यापीठात जाणारे विद्यार्थी, कमाटीबागेत फिरायला जाणारी मंडळी आणि शहरात कामावर जाणारे लोक हे सगळे या मार्गाचे काही ना काही अंतर वापरतात. याच्या काळा घोड्याकडील रुंद भागात स्वतंत्र मार्गिकेची मागणी करावी आणि कोठीपासून पुढे रस्ता आवळत जातो तेथून खुणा सुरू कराव्यात. स्वतंत्र मार्गिका जेथे संपते तेथेच पहिली खूण असणे आवश्यक आहे, नाहीतर सायकलस्वार अधांतरी सुटतो.

अकोटा-दांडिया बाजार पूल, रेसकोर्स रस्ता आणि जुना पादरा रस्ता येथे सामायिक खुणा काढू नयेत. २००९ ची अमेरिकी नियमावलीही ताशी ३५ मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरपेक्षा, जास्त मर्यादेच्या रस्त्यांवर त्या काढू नयेत असेच सांगत होती. सलग, सरळ पुलावर वाहनांचा वेग वाढतो आणि सायकलस्वाराला कडेला सरकायला जागा नसते. तेथे वेगळी, संरक्षित जागा हाच उपाय. गेंडा सर्कलपासून मनीषा चोकडीपर्यंत उड्डाणपूल झाल्यानंतर लांब जाणारी वाहने वरून जाऊ शकतात, तेव्हा खालच्या रस्त्याची एक पट्टी सायकलींना देण्याचा विचार तरी व्हावा.

अलकापुरीच्या गरनाळ्याविषयी, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्याविषयी, वारंवार विचारले जाते. पावसाळ्यात त्यात पाणी भरते आणि पाण्याखालची खूण कोणालाच दिसत नाही. तेथे प्रश्न निचऱ्याचा आहे, रंगाचा नाही.

वेग कमी करण्यासाठी गतिरोधक घातले की काम होत नाही का?

कोणता गतिरोधक, यावर ते अवलंबून आहे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतील गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, आणि ताशी २५ किलोमीटर वेगाने त्यावरून सहज जाता येते. सोसायट्यांच्या दारात रातोरात उगवणारे अरुंद, टोकदार उंचवटे सायकलस्वाराच्या मनगटांना आणि कमरेला मोटारचालकापेक्षा कितीतरी अधिक त्रास देतात. गतिरोधकाच्या कडेला सायकलसाठी फट सोडावी असे पुस्तकात वाचायला छान वाटते. बडोद्यात त्या फटीतून सर्वांत आधी स्कूटर जाते. त्यापेक्षा झेब्रा क्रॉसिंग फुटपाथच्या पातळीवर उचलणे आणि चौकातील वळणांचे कोपरे आवळणे हे दोन उपाय अधिक टिकाऊ आहेत. कोपरा गोल आणि मोठा असला की डावीकडे वळणारी मोटार वेग न कमी करता वळते आणि सरळ जाणाऱ्या सायकलला आडवी येते. कोपरा लहान केला की तिला थबकावेच लागते.

आम्ही दुकानदार आहोत. आमच्यासमोरचे पार्किंग जाणार का?

सामायिक खुणेसाठी पार्किंग काढावे लागत नाही. ते एका रेषेत मात्र आणावे लागते, कारण आज दोन रांगा आणि उद्या तीन असे होत राहिले तर कोणतीही खूण योग्य जागी राहणार नाही. चौकाच्या तोंडाशी असलेले पार्किंग काढावे हे मी नक्की सुचवेन, कारण तेथे उभी असलेली एक मोटार वळणाऱ्या सगळ्यांची दृष्टी अडवते.

मोटारचालकांनी काय करावे?

रस्त्याच्या डाव्या कडेला थांबल्यावर आपले उजवे दार डाव्या हाताने उघडावे. तसे केल्याने खांदा वळतो आणि नजर आपोआप मागे जाते. चालकाच्या मागे बसणाऱ्यांनाही ही सवय लावावी. सायकलच्या मागे हॉर्न वाजवत राहू नये. दचकलेला सायकलस्वार कोणत्या बाजूला वळेल हे सांगता येत नाही.

कायद्याने सायकलस्वाराला हेल्मेट, परवाना वगैरे लागते का?

साधी सायकल मोटार वाहन अधिनियमाच्या व्याख्येत येत नसल्यामुळे तिला नोंदणी किंवा परवाना लागत नाही, आणि त्या कायद्यातील हेल्मेटची सक्तीही तिला लागू नाही. हेल्मेट घालावे हे उत्तम, परंतु ते न घातलेल्याला रस्त्यावर कमी हक्क आहे असे नाही. विजेवर चालणारी सायकल २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच वेग देणारी असेल, तर विहित अटींनुसार तिलाही मोटार वाहन समजले जात नाही. रात्री पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा असावा; मागचा परावर्तक धुळीने माखलेला असतो, तो पुसायला विसरू नये.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. खूण असलेल्या रस्त्यावरून त्याला शाळेत एकटा पाठवू का?

केवळ खूण आहे म्हणून पाठवू नये. सामायिक मार्गिकेत मागचा अंदाज घेणे, हात दाखवणे आणि योग्य वेळी जागा धरून ठेवणे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात, आणि या वयात त्या सगळ्यांना सारख्या जमत नाहीत. रविवारी सकाळी आपण त्याच्या मागे सायकलवर राहून तो रस्ता त्याच्याबरोबर करून पाहावा. रस्ता आपल्यालाच धास्तीचा वाटला, तर आडवाटेने लांबचा पण शांत रस्ता शोधावा.

उत्तरायणाच्या दिवसांत काही वेगळी काळजी?

डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत रस्त्यावर आडवा पडलेला पतंगाचा मांजा गळ्याला कापतो. दुचाकींवर लावतात तशी उभी सळई सायकलला लावणे अवघड असते, म्हणून गळ्याभोवती जाड मफलर घट्ट गुंडाळावा आणि वेग कमी ठेवावा.

रंग पावसात टिकतो का? त्यावरून सायकल घसरत नाही का?

साधा रंग लवकर झिजतो. तापवून ओतलेला थर्मोप्लास्टिक रंग जास्त टिकतो, आणि तो वितळलेला असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी पसरले जातात, त्यामुळे रात्री दिव्याच्या प्रकाशात तो उजळतो. मात्र गुळगुळीत झालेली पांढरी खूण पावसात सायकल आणि स्कूटर या दोघांनाही घसरवते, म्हणून पृष्ठभाग खरबरीत ठेवण्याची अट कामाच्या निविदेतच असावी आणि वळणावर खूण काढू नये. काम पावसाळा संपून रस्त्यावर नवे डांबर पडल्यानंतरच करावे. आधी केले तर खुणा डांबराखाली जातात, आणि गॅसच्या किंवा पाण्याच्या नळासाठी रस्ता खोदला की अर्धी सायकलच शिल्लक राहते. खोदकामानंतर खूण पूर्ववत करून देण्याची जबाबदारी खोदणाऱ्यावर टाकणारी ओळ परवानगीच्या कागदात असणे आवश्यक आहे.

आमच्या रस्त्यावर खुणा हव्या आहेत. सुरुवात कोठून करावी?

वर सांगितल्याप्रमाणे वेगाच्या नोंदी घ्याव्यात. बहुसंख्य वाहने ताशी ३० किलोमीटरच्या आत असतील, तर खुणांची मागणी करावी; नसतील, तर आधी कोपरे आवळण्याची आणि उंच झेब्रा क्रॉसिंगची मागणी करावी आणि खुणांचा विषय तोपर्यंत बाजूला ठेवावा. अर्जासोबत रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा जोडावा आणि त्यात पार्किंगची प्रत्यक्ष कड, पोळींची तोंडे, उघडी गटारझाकणे आणि लाऱ्यांच्या जागा दाखवाव्यात. रस्त्याच्या कामाविषयीचा अर्ज महानगरपालिकेच्या वॉर्ड कार्यालयात द्यावा. वेगमर्यादा, एकदिशा मार्ग आणि पार्किंगबंदी यांविषयीचा शहर वाहतूक पोलिसांकडे द्यावा आणि प्रत्येक अर्जात दुसऱ्याचा उल्लेख करावा, म्हणजे एका टेबलावरून ‘हे आमचे काम नाही’ म्हणून कागद परत आला तरी दुसरीकडे तो नोंदलेला असतो. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८अ चा उल्लेखही अर्जात करता येतो. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

मंजुरीपूर्वी परवानगी घेऊन एखादा आठवडा चुन्याच्या फक्कीने खुणा आखून पाहाव्यात. सायकलस्वार त्या रेषेवरून जातात की नाही, आणि स्कूटरवाले त्यांना किती जागा सोडतात, हे तेवढ्यात दिसून येते. जागा चुकली असेल तर फक्की झाडूने पुसून नव्याने आखता येते.